रानअळंबीतलं ‘औषध’: एका दाव्याचा इतिहास

छाणी हे गाव अळंबीसाठी प्रसिद्ध असण्याचं काहीच कारण नाही. जैन समाजात छाणीचं नाव निघतं ते इथून दीक्षा घेतलेल्या साधु-साध्वींमुळे आणि इथल्या हस्तलिखितांच्या ज्ञानभांडारामुळे. गावाचं परंपरेतलं नाव छायापुरी. आता रेल्वे स्टेशनावरही तेच नाव लागलं आहे. जैन आहारविचारात बत्तीस ‘अनंतकाय’ सांगितले आहेत, म्हणजे ज्यांच्या एका शरीरात अनंत जीव वास करतात अशा वनस्पती. सुरण, आलं, लसूण, गाजर, मुळा ही त्यातली ओळखीची नावं. त्याच यादीत ‘भूमिफोडा’ आहे, म्हणजे जमीन फोडून वर येणारी अळंबी. गुजरातीत तिला ‘बिलाडीनो टोप’ म्हणतात, मांजरीची टोपी. आपण मराठी लोक ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो. प्राणी बदलला, पण दोन्ही नावांत ‘ही माणसाची नव्हे’ असा सूर आहे.

तरीही छाणीच्या परिसरातल्या अनेक मराठी घरांना अळंबीची चव ठाऊक आहे. गायकवाडी काळापासून बडोद्यात असलेली घरं वेगळी आणि १९६० नंतर कारखान्यांमुळे आलेली वेगळी. छाणीला लागून असलेली ‘गुजरात स्टेट फर्टिलायझर्स’ १९६२ साली स्थापन झाली, कोयलीची तेलशुद्धीकरणशाळा १९६५ मध्ये सुरू झाली, औषधांचे कारखाने तर त्याच्याही आधीचे. या निमित्ताने कोकण, खानदेश, विदर्भ इथून माणसं आली आणि आपापल्या गावचा पावसाळा आठवणीत घेऊन आली. एकाच जिन्यावर एका दाराआड अळंबी निषिद्ध, समोरच्या दाराआड तिच्या रश्श्याच्या आठवणी, असं चित्र आपल्याकडे नवं नाही.

नवं आहे ते वेगळंच. आता औषधाच्या दुकानात अळंबीच्या भुकटीच्या डब्या आणि कॅप्सूल मिळतात. त्यांवर ‘अँटिऑक्सिडंट’, ‘जंतुरोधक’, ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी’ असं लिहिलेलं असतं, आणि बरेचदा ‘आयुर्वेदात हजारो वर्षांपासून’ हेही. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात तर ‘रानातली अळंबी म्हणजे निसर्गाचं पेनिसिलिन’ असंसुद्धा वाचायला मिळतं. आपलं मंडळ इतिहासाचं आहे, म्हणून मी हा दावा इतिहासाच्या अंगाने तपासायचं ठरवलं. अळंबी खाण्याजोगी आहे, अळंबीत काही गुण आहेत, आणि अळंबी हे औषध आहे, ही तीन वेगवेगळी विधानं आहेत. तिघांचे पुरावे वेगळे आणि तिघांचा इतिहासही वेगळा. त्यांची सरमिसळ झाली की कधी फक्त पैसे वाया जातात आणि कधी जीव जातो.

ग्रंथांत अळंबी काय म्हणून येते

आधी ‘हजारो वर्षांपासून’ या शब्दांकडे पाहू. मनुस्मृतीत द्विजांना वर्ज्य पदार्थांच्या यादीत लसूण आणि कांद्याबरोबर ‘कवक’ येतं. आज मराठी शास्त्रीय परिभाषेत बुरशीला आपण जे कवक म्हणतो, तोच हा शब्द. पुढे ‘छत्राक’ या नावानेही निषेध आहे, आणि वानप्रस्थाने जमिनीवर उगवणारं कवक टाळावं असंही सांगितलं आहे. जी वस्तू कोणी खातच नाही तिच्यावर इतक्या वेळा बंदी घालावी लागत नाही. म्हणजे लोक खात होते, हे या निषेधातूनच कळतं.

वैद्यकाचे ग्रंथ जास्त बारकाईने बोलतात. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात अन्नपदार्थांचे वर्ग आहेत. त्यातल्या शाकवर्गात अळंबी येते. चरक आधी ‘सर्पच्छत्रक’ नावाची जात बाजूला काढतो. मग उरलेल्या पुष्कळ छत्रजातींबद्दल म्हणतो की त्या थंड, गोड, पचायला जड आणि पीनस म्हणजे सर्दी-पडसं करणाऱ्या आहेत. क्रम लक्षात घ्या. पहिलं काम विषारी जात वेगळी करण्याचं, गुणांची चर्चा त्यानंतर.

सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायात आणखी एक पायरी आहे. तिथे अळंबीची विभागणी ती कशावर उगवली त्यावरून केली आहे: भाताच्या पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची आणि जमिनीवरची. प्रत्येकीचे गुण वेगळे दिले आहेत. पेंढ्यावरची गोड आणि दोष शमवणारी, बांबूवरची तुरट आणि वात वाढवणारी, जमिनीवरची जड, तिची चव जमिनीच्या चवीसारखी. आजचा कवकशास्त्रज्ञसुद्धा नमुना हातात आला की ‘हा कशावर उगवला होता?’ हेच आधी विचारतो. आता शेतात मुद्दाम लावतात ती पेंढ्यावरची अळंबी डोळ्यांसमोर आणली की सुश्रुताचं हे वर्गीकरण किती व्यवहारी होतं ते कळतं.

पण या दोन्ही ठिकाणी अळंबी भाजी म्हणून आली आहे. अमुक रोगावर अमुक अळंबी द्यावी, असं या उताऱ्यांत नाही. उलट जडपणाचा आणि सर्दीचा इशारा आहे. डबीवरच्या ‘हजारो वर्षां’ना चरक-सुश्रुतांच्या या वचनांचा आधार घ्यायचा तर तो भाजीला मिळतो, कॅप्सूलला नाही.

वारुळावरची अळंबी

ग्रंथांबाहेरचं ज्ञान कुठे आहे? ते रानात जाणाऱ्या माणसांकडे आहे, आणि बऱ्याच ठिकाणी बायकांकडे. पूर्व विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत अळंबीला ‘सात्या’ म्हणतात. विदर्भातच ‘टेकोडे’ हेही नाव आहे. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी. गोव्यात सगळ्यात मानाची ती ‘रोणां अळमी’. रोण म्हणजे वारूळ. पावसाळ्यात, चतुर्थीच्या आगेमागे, ती पानांत बांधून रस्त्याकडेला विकायला येते आणि भाव ऐकून भलेभले पुढे निघून जातात. गोवा विद्यापीठातले नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे आणि त्यांच्या बेसुमार तोडीबद्दल सातत्याने लिहिलं आहे.

शास्त्रीय नावाने ही ‘टर्मिटोमायसिस’. हा गट फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये वेगळा ओळखला. आपल्याकडच्या एका जातीला १९७९ मध्ये मद्रासच्या के. नटराजन यांनी हाइम यांचंच नाव दिलं: ‘टर्मिटोमायसिस हायमाय’. पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या अळंब्यांची शास्त्रशुद्ध नोंद करण्यात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचा वाटा मोठा आहे. १९४६ साली शं. पु. आघारकर यांनी उभी केलेली ही संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. नैऋत्य भारतातल्या अळंब्यांवरचा तिचा ग्रंथ १९८० चा आहे.

वारुळावरची अळंबी ही वाळवीने केलेली शेती आहे. वाळवी लाकूड-पाचोळा खाऊन वारुळाच्या आत स्पंजासारखे पोळे रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकडातला न पचणारा भाग पचवते, वाळवी ते खाते. पावसात या बुरशीचं फळ जमीन फोडून वर येतं, ते आपण खातो. बुरशी, जंतू आणि त्यांचा बंदोबस्त हा प्रकार इथे रोजच्या व्यवहारात दिसतो. वारूळ जिवंत असेपर्यंत पोळ्यावर दुसरी बुरशी फारशी माजत नाही. वाळवी सोडून गेली की काही दिवसांत ‘झायलेरिया’ गटातली काळी बुरशी सगळं व्यापून टाकते. वाळवीची साफसफाई, तिच्या अंगावरचे आणि पोटातले जिवाणू आणि स्वतः शेतातली बुरशी, या सगळ्यांचा तो संयुक्त कारभार आहे.

यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, ‘जंतुरोधक गुण’ ही कल्पना हवेतली नाही. ज्या सजीवाला ओल्या, कुजक्या जागेत हजारो जंतूंच्या शेजारी राहायचं आहे, त्याच्याकडे बचावाची रसायनं असणार हे उघड आहे. दोन, ही अळंबी माणसाला अजून धंद्याच्या प्रमाणावर लावता आलेली नाही. म्हणून तिच्याबद्दलचा प्रत्येक मोठा दावा रानावरची ओढ वाढवतो. ‘औषधी’ हा शब्द चिकटला की वारूळच फोडून नेलं जातं, आणि पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही.

फणसअळंबे

मराठी मुलखात अळंबीचा खरोखर औषध म्हणून झालेला वापर शोधायचा तर तो भाजीच्या अळंबीत सापडत नाही, लाकडासारख्या कडक अळंबीत सापडतो. फणसाच्या जुन्या खोडावर उगवणारं ‘फणसअळंबे’ किंवा ‘फणसोंबा’ कोकणातल्या आजीबाईच्या बटव्यात असे. ते सहाणेवर पाण्यात उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावायचं: तोंड आलं असेल, लाळ फार गळत असेल तर. विल्यम डायमॉक हे मुंबईत काम करणारे औषधशास्त्रज्ञ. त्यांनी एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातल्या औषधी द्रव्यांची जी नोंद केली, तिच्यात फणसअळंबे याच वापरासह आलं आहे. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, पुणे विद्यापीठातले जे. जी. वैद्य आणि त्यांचे सहकारी ए. एस. रब्बा यांनी लोकवैद्यकातल्या बुरशींवर लेख लिहिला. त्यातही पश्चिम महाराष्ट्रातल्या वैद्यांकडचं हे द्रव्य होतं. आज त्याची ओळख ‘फेलिनस’ गटातली अळंबी अशी दिली जाते, आणि त्याच्या अर्काचे अँटिऑक्सिडंट गुणही प्रयोगशाळेत तपासले गेले आहेत.

या लोकवापराची मर्यादा नीट पाहा. ते वरून लावायचं द्रव्य आहे. तुरट आहे, म्हणून लाळ आटते आणि व्रण आकसतो, हे वैद्यालाही पटतं आणि रसायनशास्त्रालाही. पिढ्यान्‌पिढ्या जो उपयोग टिकला तो इतका नेमका आहे. ‘कर्करोगापासून मधुमेहापर्यंत’ असला विस्तार आजीबाईंनी केलेला नाही. शिवाय फणसाच्या खोडावर एकच जात उगवत नाही. जाणत्या माणसाने दाखवलेलं फणसअळंबे आणि बाजारात त्या नावाने मिळणारी पूड यांत नुसत्या नावाचं साम्य असू शकतं.

काचेतलं कडं आणि पोलादी टाकी

‘निसर्गाचं पेनिसिलिन’ या शब्दांना बडोद्याच्या माणसाने तरी सहज मान डोलवू नये, कारण बुरशीपासून औषध करायला काय लागतं हे या शहराने जवळून पाहिलं आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे ते सोपवलं. याच गज्जरांनी, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह, १९०७ मध्ये अलेम्बिक केमिकल वर्क्स उभी केली. सुरुवात मद्यार्क आणि टिंक्चर यांच्यापासून झाली. टिंक्चर म्हणजे वनस्पतीतली द्रव्यं मद्यार्कात उतरवून काढलेला अर्क. आज प्रयोगशाळेत रानअळंबीचे गुण तपासताना पहिली पायरी नेमकी हीच असते: वाळवा, कुटा, मद्यार्कात किंवा पाण्यात भिजवा, गाळा, आटवा. म्हणजे १९०७ च्या बडोद्याला ही पायरी येत होती. पेनिसिलिनचा कारखाना मात्र अलेम्बिकमध्ये १९६१ साली आला. मधल्या चोपन्न वर्षांत काय घडलं ते जगाच्या इतिहासात पाहावं लागतं.

सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना काचेच्या बशीत बुरशीभोवती जंतू विरघळलेले दिसले. ही बुरशी छत्री काढणारी नव्हे, शिळ्या भाकरीवर येते त्या जातकुळीतली. बशीतलं हे मोकळं कडं म्हणजे जंतुरोधाचा पहिला पुरावा. आजही अळंबीच्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती जंतूंच्या बशीत ठेवतात आणि भोवतीचं कडं किती मिलिमीटर आलं ते मोजतात. फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये निबंध लिहिला आणि गोष्ट जवळजवळ तिथेच थांबली, कारण ते द्रव्य शुद्ध आणि टिकाऊ स्वरूपात त्यांच्या हाती येईना.

दहा वर्षांनी ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते हाती घेतलं. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना मारक जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं, ते वाचले. उरलेले चार दुसऱ्या सकाळपर्यंत मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते देण्यात आलं. तो झपाट्याने सुधारू लागला, आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचलं, तरी पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडत होतं, पण पुरेसं नव्हतं.

ते पुरेसं करण्याचं काम अमेरिकेत इलिनॉयमधल्या पिओरिया गावी झालं. मक्याचं स्टार्च काढताना उरणारं पाणी बुरशीला खाद्य म्हणून दिलं, बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावरची जात १९४३ मध्ये निवडली, आणि उथळ भांड्यांऐवजी मोठ्या टाक्यांत, खालून निर्जंतुक हवा सोडत, बुरशी वाढवली. मी आयुष्याची तीसेक वर्षं प्रक्रिया अभियंता म्हणून काढली. त्यामुळे त्या टाकीतल्या अडचणी मला शोधाच्या गोष्टीपेक्षा जास्त बोलक्या वाटतात. फेस येतो, उष्णता वाढते, हवेबरोबर एक परका जंतू शिरला तर अख्खी टाकी फेकावी लागते. आपल्या देशात हे सरकारी पातळीवर पिंपरीला घडलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत मिळाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन निघू लागलं. पुढे तिथेच थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी ‘हॅमायसिन’ शोधलं. ते बुरशीमुळे होणाऱ्या रोगांवर चालतं आणि ज्या सूक्ष्मजीवापासून निघालं त्याच्या नावात पिंपरी आहे: ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’.

आता अळंबीच्या अर्काचं गणित मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरतो आहे. समजा एखादा कच्चा अर्क दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात जंतूंची वाढ थांबवतो. माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त. म्हणजे एका वेळी २५ ग्रॅम अर्क रक्तात असायला हवा. सुक्या अळंबीतून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तर २५० ग्रॅम सुकी अळंबी. ताज्या अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे अडीच किलो ताजी अळंबी, एका बैठकीत, आणि तीही पोटात काहीही वाया न जाता सगळी रक्तात उतरली तर. पेनिसिलिनला संवेदनशील जंतूंवर मिलिलिटरला एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी प्रमाण पुरतं. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. बशीतलं कडं खरं असतं, पण ते औषध म्हणून मोजायचं तर हा हिशेब करावाच लागतो.

अळंबीतून खरोखर निघालेली औषधं

याचा अर्थ अळंबीत काही नाही असा नाही. दोन उदाहरणं भक्कम आहेत.

१९५१ मध्ये न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधल्या कॅव्हानॉ, हर्वी आणि रॉबिन्स यांनी एका छत्रीदार अळंबीपासून ‘प्लुरोम्युटिलिन’ हे जंतुरोधक वेगळं केलं. जिवाणूच्या पेशीत प्रथिनं तयार होण्याची जागा असते, तिथेच ते अडथळा आणतं. मूळ द्रव्यात रासायनिक बदल करत ते आधी १९७९ मध्ये जनावरांच्या औषधात आलं. माणसाच्या त्वचेवर लावायचं मलम, रेटापाम्युलिन, अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालं. पोटात आणि शिरेतून देण्याचं, न्यूमोनियावरचं लेफाम्युलिन २०१९ मध्ये. काचेतल्या कड्यापासून मलमापर्यंत छप्पन्न वर्षं आणि गोळीपर्यंत अडुसष्ट.

दुसरं उदाहरण आपल्या शेतात आहे. पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका चिमुकल्या युरोपीय अळंबीतून १९७७ मध्ये जर्मनीतल्या टिम आंके, वोल्फगांग श्टेग्लिश आणि सहकाऱ्यांनी ‘स्ट्रोबिल्युरिन’ वेगळं केलं. ही अळंबी आपल्या शेजारच्या बुरशीला त्याने रोखते. मूळ द्रव्य उजेडात टिकत नव्हतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सांगाडा बदलला आणि १९९६ पासून अझॉक्सिस्ट्रोबिन बाजारात आलं. नाशिकच्या द्राक्षबागेत भुरीवर जी फवारणी होते, तिच्यातलं हे ओळखीचं नाव. अळंबीची जंतुरोधक ताकद ज्याने पाहिली आहे असा माणूस शोधायचा तर तो द्राक्षबागायतदार आहे, कॅप्सूल घेणारा नव्हे.

अँटिऑक्सिडंट: जांभळ्याचं पिवळं

आता दुसरा शब्द. अळंबीची अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची सर्रास पद्धत अशी: डीपीपीएच नावाचं एक गडद जांभळं रसायन घ्यायचं, त्यात अर्क घालायचा. अर्काने त्यातला मोकळा इलेक्ट्रॉन शांत केला की रंग फिकट पिवळा होतो. किती फिकट झाला ते यंत्र सांगतं. ही पद्धत १९५८ मध्ये ब्लॉय यांनी मांडली. स्वस्त आहे, तासाभरात होते, कुठल्याही कॉलेजात करता येते, म्हणून तिच्यावर निबंध भरपूर निघतात. पण त्या नळीत आतडं नाही, यकृत नाही, रक्त नाही. चहा, आमसूल, हळद, सगळेच ही परीक्षा चांगल्या गुणांनी पास होतात.

या मोजमापाचं पुढे काय झालं तेही इतिहासात नोंदलं आहे. अमेरिकेच्या शेती खात्याने खाद्यपदार्थांच्या ‘ओरॅक’ या अँटिऑक्सिडंट आकड्यांचा तक्ता प्रसिद्ध केला होता. पूरक आहार विकणाऱ्या कंपन्या तो जाहिरातीत वापरू लागल्या. २०१२ मध्ये खात्याने तो तक्ताच मागे घेतला. हे आकडे माणसाच्या शरीरावरच्या परिणामाबद्दल काही सांगत नाहीत आणि त्यांचा गैरवापर होतो, असं कारण दिलं.

मात्र अळंबीच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. १९०९ मध्ये फ्रान्सच्या शार्ल तांरे यांनी राय धान्यावरच्या अर्गट बुरशीतून ‘अर्गोथायोनीन’ हे गंधकयुक्त द्रव्य वेगळं केलं. ते माणसाचं शरीर तयार करत नाही, झाडंही करत नाहीत. बुरशी आणि काही जिवाणू करतात. २००५ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या ग्रुंडेमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या पेशींवर या द्रव्याला आत घेणारा खास वाहक आहे. शरीर एखाद्या पदार्थासाठी दार राखून ठेवतं ते उगाच नसावं, असा तर्क यावरून केला जातो आणि त्यावर काम चालू आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे हे द्रव्य रानातल्या दुर्मिळ जातीतच असतं असं नाही. लागवडीच्या ऑयस्टर अळंबीत ते चांगल्या प्रमाणात असतं, बटणअळंबीतही असतं. चांगली भाजी खाल्ल्याचा फायदा हवा असेल तर तो बाजारातल्या पाव किलोच्या पुड्यातही आहे.

जात चुकली तर

एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा जण गेले. बहुतेक चहाच्या मळ्यांच्या भागातली कष्टकरी माणसं. त्यांनी औषध म्हणून ती खाल्ली नव्हती, भाजी म्हणून खाल्ली होती. ‘अमॅनिटा’ गटातल्या घातक जातींतलं विष शिजवून, वाळवून जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्या दरम्यान यकृत निकामी होत असतं. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, किडीने खाल्लेली असेल तर सुरक्षित, या आपल्याकडच्या कसोट्या पूर्ण खोट्या आहेत. या विषबाधेवर रुग्णालयात जी औषधं दिली जात आली त्यांत मोठ्या मात्रेतलं पेनिसिलिनही आहे. पोलादी टाकीतली बुरशी, रानातल्या बुरशीवर.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. अळंबी जमिनीतलं कॅडमियम, पारा, शिसं असे जड धातू शोषून साठवते. म्हणून हमरस्त्याकडेची, कचरा टाकलेल्या जागेवरची, औद्योगिक पट्ट्यातली अळंबी ओळखीची आणि खाण्याजोगी असली तरी उचलू नये. हिरवळीवर उगवणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांमध्ये हिरवट बीजाणूंची एक विषारी जातही असते, आणि ती भाजीच्या छत्रीसारखीच दिसते.

चरकाने सर्पच्छत्रक आधी बाजूला काढलं, सुश्रुताने ‘कशावर उगवली’ ते आधी विचारलं, आणि झाडीपट्टीतली जाणती बाई ओळखीच्या वारुळापलीकडची छत्री उचलत नाही. तिघांचंही पहिलं काम ओळख पटवण्याचं. डबीवर बहुतेक वेळा फक्त गुणांची यादी असते. जात कोणती, कुठून आणली, कोणी ओळखली, हे क्वचितच. आणि हे ओळखण्याचं ज्ञान बहुतांशी तोंडी आहे. ज्या बायका कोकणातून, विदर्भातून लग्न होऊन किंवा नोकरीमागे बडोद्याला आल्या, त्यांच्यातल्या अनेकींना अजून ती नावं आठवतात. पुढच्या पिढीने वारूळच पाहिलेलं नाही.

म्हणून मंडळाला माझी सूचना साधी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना अळंबीची नोंद घेऊ या: गावचं नाव, अळंबीचं स्थानिक नाव, कोणत्या नक्षत्रात उगवायची, कशावर उगवायची, कशी शिजवायची, कोणती खात नसत आणि का. औषध म्हणून वापरली असेल तर कशावर, पोटात की वरून. ‘का खात नसत’ हा रकाना कोणी रिकामा सोडू नये. नोंदी मराठीत आणि सांगणारीच्या शब्दांत असाव्यात. शास्त्रीय नाव नंतर जाणकाराकडून लावून घेता येईल. आणि नोंदीवरून ओळखून कोणी रानातली अळंबी शिजवू नये, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.